विद्यार्थी-मार्गदर्शकाची खुर्ची

अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखनकेंद्रांत बहुधा विद्यार्थीच विद्यार्थ्याला मार्गदर्शन करतो. चुका दुरुस्त करून न देता, प्रश्न विचारत मसुदा त्याच्याकडूनच सुधारून घेतो. अशा केंद्रांची राष्ट्रीय संघटना १९८३ साली स्थापन झाली. तिच्याशी संलग्न प्रादेशिक संघटनांची मंडळे सभासदांच्या मतांनी निवडली जातात. मात्र नुसत्या मतांवर सोडले, तर मोठ्या विद्यापीठांचे परिचित संचालकच निवडून येण्याचा संभव. म्हणून अनेक मंडळांत दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांना आणि विद्यार्थी-मार्गदर्शकांना जागा राखीव असतात. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. त्यामुळे त्याची मुदत आखूड ठेवणे सोयीचे. जो शेजारी बसून मसुदा वाचतो, त्याला निर्णयाच्या बैठकीतही खुर्ची असावी, हा या तरतुदीचा गाभा.