शेजाऱ्याच्या हाकेला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतीप्रधान प्रदेशात लहान गावे दूरदूर विखुरलेली आहेत. तेथे रात्री कोणी यंत्रात सापडून जखमी झाला, तर रुग्णालय कित्येक मैलांवर असते. अशा वेळी धावून येणाऱ्या रुग्णवाहिकेत पुष्कळदा गावातीलच एखादा शेतकरी, शिक्षिका किंवा दुकानदार असतो. त्याला 'आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ' म्हणतात.

ही व्यवस्था फार जुनी नाही. अपघाती मृत्यू हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग होय, असे तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली आपल्या अहवालात म्हटले. त्या काळी सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवीत. कारण माणसाला निजवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्यापाशी असे. गाडी होती, उपचार नव्हता. १९७० साली तंत्रज्ञांची राष्ट्रीय नोंदणीसंस्था स्थापन झाली व १९७१ साली तिने पहिली परीक्षा घेतली.

शिक्षण साधारणतः दीडशे तासांहून अधिक असते. दिवसाचे काम आटोपून स्वयंसेवक संध्याकाळी वर्गास बसतात. वाहते रक्त दाबून थांबविणे, श्वासमार्ग मोकळा करणे, मोडलेल्या हाडाला आधार बांधणे, अडलेल्या वेळी प्रसूतीस साहाय्य करणे, हे ते शिकतात. हृदय थांबले, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावयाचा असतो. त्यायोगे मेंदूकडे थोडेफार रक्त जात राहते. आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

तथापि खरी कसोटी वर्गाबाहेर लागते. लहान गावात रुग्ण परका नसतो; तो बालमित्र असेल, विद्यार्थी असेल. त्याची अवस्था पाहून मन हेलावले, तरी हात स्थिर राहिला पाहिजे. घरात जे दिसले, ते चव्हाट्यावर बोलता येत नाही. प्रयत्न निष्फळ ठरले, तरी दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबासमोरून जावे लागते. शिवाय माणसे थोडी असल्याने पुनःपुन्हा त्याच चौघांना उठावे लागते.

हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांतच मेंदूला इजा पोचू लागते आणि गाडीला त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून ती येईपर्यंत दाब देत राहण्याची विद्या प्रत्येक घरात एकाला तरी अवगत असावी. ती शिकण्यास काही तासच पुरतात.