मन आणि मोबाइल (भाग ६) : आधी नोंद, मग मर्यादा

फीड संपत नाही, कारण ते संपू नये अशीच त्याची रचना असते, हे मागच्या भागात पाहिलं. तळ नसलेलं पान २००६ मध्ये तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. मग आपण करायचं काय?

‘सगळं डिलीट करा’ हा सल्ला मला पटत नाही. दूरदेशीच्या नातवाचा चेहरा आजीला रोज व्हॉट्सॲपवरच दिसतो. तो आनंद का सोडायचा?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त १० मिनिटं वापरायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातला एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. आधीपासून जास्त खचलेल्या मुलांना फायदाही जास्त झाला. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. चिंता आणि ‘आपलं काही सुटतंय’ ही धास्ती दोन्ही गटांत उतरली. दुसऱ्या गटावर तर कसलंच बंधन नव्हतं! पण आपण किती वेळ घालवतो याचे स्क्रीनशॉट त्यांनाही रोज पाठवावे लागत होते. स्वतःच्या वापराकडे डोळे उघडून पाहण्याचा हा परिणाम असावा, असं संशोधकांना वाटलं. अभ्यास लहान आहे, एकाच विद्यापीठातला आहे. तरी सुरुवात कुठून करावी, हे तो नेमकं सांगतो.

नोंद एकट्याला जमते. मर्यादा एकट्याने पाळणं मात्र कठीण, कारण शेजारी बसलेला माणूस रील बघतच असतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये यावर गावकीचा उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. कोविडच्या काळात शाळा फोनवर आली आणि नंतर फोन मुलांच्या हातातून सुटेना, त्यातून ही कल्पना निघाली. मुलांना अभ्यासाला बसवून आईवडील मालिका बघताहेत, असं तिथे चालत नाही. या उपायाचं खरं बळ मला त्यातच दिसतं.

शहरातल्या फ्लॅटमध्ये भोंगा नसेल, जेवणाची वेळ तर असते. ती सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि मोठ्यांनी आधी पाळा. जे अकाउंट पाहिल्यावर आपलं घर, आपलं शरीर, आपली नोकरी कमी वाटू लागते ते अनफॉलो करा. नातेवाईक असेल तर म्यूट करा, त्याला कळतही नाही. नुसतं बघत बसण्यापेक्षा एखाद्या मैत्रिणीला दोन ओळी लिहा.

पण हे पुढचं. या आठवड्यात एवढंच करा : फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’ उघडून रोज रात्री आकडा वहीत लिहा. सात दिवसांची ती वही समोर ठेवूनच पुढचा भाग वाचा.