विश्रांतीचा दिवस

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती होताच पुन्हा मॅटवर उतरावे लागले. नियमाने देय असलेला अर्ध्या तासाचा विसावा मागण्यास तेथे भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगतात. ती लढत ते हरले. कांस्यपदक मात्र मिळाले.

अर्ध्या तासात दम परत येतो, स्नायू पूर्ववत होत नाहीत. कठोर जोर-बैठकांनी स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची डागडुजी पुढील २४ ते ४८ तास चालते आणि बळ वाढते ते याच काळात. स्नायूंतील ग्लायकोजेनचा रिता साठा भरण्यासही, आहार पुरेसा असल्यास, सुमारे एक दिवस लागतो. त्याच स्नायूंना रोज भारी मेहनत देणे म्हणजे ओल्या भिंतीवर विटा चढविणे होय. विश्रांतीच्या दिवशी अंथरुणातच पडून राहावे असे मात्र नाही. सावकाश फिरण्यास हरकत नसते.