नकुशी किती?

२८५. साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या सरकारी कार्यक्रमात एवढ्या मुलींनी आपलं जुनं नाव टाकून नवं घेतलं. जुनं नाव बहुतेकींचं एकच होतं, फक्त लिहिण्यात फरक: नकुशी, नकोशी, नकुसा. वेण्या घालून आलेल्या मुली रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी साधीसुधी वैशाली. देशभरच्या आणि परदेशातल्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले आणि विषय संपला.

आकडा मात्र उरला. आपल्याकडे नावं मोजण्याची पद्धतच नाही, म्हणून तो मोलाचा आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं वर्षागणिक जाहीर करतं. वर्षात पाच मुलांना दिलेलं नावही त्या यादीत सापडतं. इंग्लंड-वेल्सची यादी तर तिनावर येते. भारतात २०२० या एका वर्षात सुमारे २ कोटी ४२ लाख जन्मांची नोंद झाली, पण त्यात किती अनन्या आणि किती नकुशी, हे कुणी सांगत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार बाळाचं नाव न लिहिताही जन्माची नोंद होते. बारा महिन्यांच्या आत ते फुकट भरता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. म्हणजे नावाचा रकाना आहे, त्याची बेरीज नाही. साताऱ्यात ती एका नावापुरती, एकदाच झाली.

नाव आलं कुठून? कुटुंबातल्या क्रमातून. पहिल्या मुलीचं नाव नकुशी ठेवत नाहीत. ते तिसरीच्या, चौथीच्या वाट्याला येतं: आता पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, असा देवाला पाठवलेला निरोप. यामागचं गणित साधं आहे. नैसर्गिकरीत्या १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलगी होण्याची शक्यता ४८.८ टक्के. तीन मुलं असलेल्या शंभर घरांत सुमारे बारा घरांत तिन्ही मुलीच असणार. चार मुलांच्या शंभर घरांत पाच-सहा घरांत चारही मुली. यात ना शाप, ना कुणाचा दोष. पण या बारा किंवा सहा घरांतल्या शेवटच्या मुलीच्या पाळण्याजवळ आत्याला नाव सुचत नाही.

हा निरोप एकट्या साताऱ्याने पाठवला असंही नाही. बंगालमध्ये चायना (‘नको’) आणि आन्नाकाली (‘आता नको, काली’) आहेत, हरियाणात भतेरी (‘पुष्कळ झालं’), राजस्थानात धापू (‘पोट भरलं’). चीनमध्ये झाओदी नावाच्या मुलीकडून धाकट्या भावाला बोलावून आणण्याची अपेक्षा असते. भाषा बदलते, मुलीचा क्रम तोच राहतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. नकुशीला दगडू, धोंडू, भिकू यांच्या रांगेत बसवतात आणि ‘आपल्याकडे अशी ओबडधोबड नावं असायचीच’ म्हणून सोडून देतात. ते चूक आहे. आधीची मुलं गेली की पुढच्याला दगड म्हणायचं, म्हणजे काळाची नजर त्याच्यावरून सरकेल. हे नाव लाडक्या लेकराचं संरक्षण आहे, आणि ते मुलींनाही मिळे. निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या दगडाबाई शेळके मराठवाड्यात आजही आदराने आठवल्या जातात.

आम्हा रायपूरकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. चौबे कॉलोनीत घरकामाला, भाजी घेऊन, बांधकामावर येणाऱ्या छत्तीसगढी बायकांमध्ये बिसाहिन हे नाव आजही कानावर येतं. छत्तीसगढीत बिसाना म्हणजे विकत घेणं. वाचणार नाही अशी धास्ती असलेलं मूल नावापुरतं दुसऱ्याला द्यायचं आणि मूठभर धान्य किंवा चार पैसे देऊन परत घ्यायचं. मुलगा असेल तर बिसाहू, मुलगी असेल तर बिसाहिन. दुष्काळात जन्मली ती दुकलहिन, तसा मुलगा दुकालू. शुक्रवारची सुकवारा, शनिवारची सनिचरी. ऐकायला यातलं काहीच गोंडस नाही, पण एकाही नावात मुलीला परत पाठवायची भाषा नाही आणि जवळजवळ प्रत्येकाला मुलाची जोडी आहे. नकुशीला मुलाची जोडी नाही. ‘नकुशा’ नावाचा मुलगा कुणी पाहिला आहे का? रायपूरच्या हिंदी घरांत हे नाव शिरलं असेल तर ते २००९ मध्ये कलर्सवर सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या मालिकेतून, तिची नायिका नकुशा होती.

आता मोठे आकडे घेऊ. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक वेगळी मोजपट्टी वापरली होती: शेवटच्या अपत्याचं लिंग-गुणोत्तर. ज्या घरांत पहिलं मूल हेच शेवटचं ठरलं, तिथे १०० मुलींमागे १८२ मुलगे निघाले. निसर्गाप्रमाणे १०५ हवेत. दुसऱ्यावर थांबलेल्या घरांत १५५, तिसऱ्यावर थांबलेल्यांत १६५. अर्थ सरळ आहे: मुलगा झाला की घर थांबतं, मुलगी झाली की पुढे जातं. मुलाची वाट बघताना जन्मलेल्या, पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या त्या पाहणीने २ कोटी १० लाख धरली होती. त्यांची नावं पूजा, प्रिया, काजल अशी चारचौघींसारखीच असणार. साताऱ्याच्या २८५ घरांनी मनातलं ते दाखल्यावर लिहिलं, इतकाच फरक.

मग नकुशी हे नाव कमी झालं, तर आनंद मानायचा का? थोडं थांबून. हे नाव मावळण्याची दोन कारणं आकड्यांत दिसतात आणि ती वेगवेगळ्या दिशेने ओढतात.

पहिलं कारण कुटुंबाचा आकार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.८६ मुलं होत. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा १.७ वर आला. तिसरी मुलगी जन्मालाच येत नसेल तर तिचं नाव कुणाला ठेवणार? नाव संपलं, कारण ते जिच्यासाठी होतं ती जागाच संपली. इथवर ठीक.

दुसरं कारण सोनोग्राफीचं यंत्र. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. घसरण त्यानंतरची आहे. साताऱ्याचं उदाहरण तर आणखी बोलकं. जिल्ह्याचं एकूण गुणोत्तर २०११ ला ९८८, म्हणजे दिसायला उत्तम. पण त्यात मुंबईला गेलेल्या पुरुषांचा वजा हिशेब आहे. मुलांपुरतं पाहिलं तर त्या वर्षीच्या हंगामी आकड्यांत ८८१, अंतिम आकड्यांत ८९५. वकील वर्षा देशपांडे यांचं लेक लाडकी अभियान साताऱ्यातून उभं राहिलं आणि बनावट गिऱ्हाईक पाठवून लिंगनिदान करणारे डॉक्टर पकडू लागलं, ते याच पार्श्वभूमीवर.

नकुशी ज्या घरात आहे त्या घराने तिला जन्म दिला, वाढवलं, शाळेतही घातलं. नाव वाईट ठेवलं, पण ती जिवंत आहे. ज्या घराने यंत्राला विचारून निर्णय घेतला, तिथे नाव ठेवायचा प्रश्नच आला नाही. महाराष्ट्रात २०११ ला शून्य ते सहा वयाचे ७०,३५,३९१ मुलगे होते आणि ६२,९१,१२६ मुली. हजारी ९५२ हे नैसर्गिक प्रमाण धरलं तर मुली साधारण ६६ लाख ९८ हजार हव्या होत्या. चार लाखांहून जास्त कमी. हा माझा ढोबळ हिशेब आहे. लहानपणी मुलग्यांचे मृत्यू जास्त होतात हे धरलं तर तूट वाढेल, कमी होणार नाही.

हीच फुटपट्टी छत्तीसगढला लावून बघा. २०११ ला मुलगे १८,५९,९३५, मुली १८,०१,७५४, म्हणजे हजारी ९६९. ९५२ च्या हिशेबात तूट शून्य. महाराष्ट्रापेक्षा गरीब, रस्ते-दवाखाने कमी असलेलं राज्य मुलींच्या मोजणीत महाराष्ट्राच्या ७५ गुणांनी पुढे. रायपूरच्या मराठी घरांत ‘आपल्याकडे’ हा शब्द अजून नागपूर-पुण्याकडे बघून उच्चारला जातो, सुधारणांचा विषय निघाला की जास्तच. या एका बाबतीत तो उलट दिशेने उच्चारायला हवा. अर्थात इथेही निवांत बसण्यासारखं नाही. जन्माच्या वेळचं गुणोत्तर कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान छत्तीसगढमध्ये ९७७ वरून ९६० वर आलं, महाराष्ट्रात ९२४ वरून ९१३ वर. नमुना पाहणीचे आकडे एखाद-दोन टक्क्यांनी हलतात, पण दोन्ही राज्यांत ते खालीच हलले.

पुन्हा २८५ कडे. हा आकडा कमी आहे, आणि तो का कमी आहे हे कळायला चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळातलं एखादं लग्न आठवावं. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव सोन्याच्या अंगठीने त्यात अक्षरं काढतो, मागून बहिणी डोकावतात, आणि माहेरच्या नावाची मुलगी सासरच्या नावाने हाक ऐकू लागते. ही पद्धत आता निम्मी गमतीची राहिली आहे. बऱ्याच मुली तांदळात आपलंच नाव काढायला लावतात. पण मागच्या दोन-तीन पिढ्यांत ती पक्की होती. कितीतरी नकुशी त्या ताटात पुसल्या गेल्या असणार, ना प्रमाणपत्र ना फुलं. त्या २८५ मध्ये नाहीत. ज्यांच्या सासरी नाव बदललं गेलं नाही, त्या प्रौढ बायकाही या कार्यक्रमाच्या बाहेरच राहिल्या. तो मुख्यतः मुलींसाठी होता.

त्यांना मोजायची सोय मात्र आहे. जन्मनोंदीच्या अर्जात बाळाच्या नावाशेजारी आईच्या नावाचा रकाना असतो आणि नोंदी आता संगणकावर होतात. त्यात महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नियम केला: कागदोपत्री आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आई नकुशी असेल तर तिच्या मुलाच्या दाखल्यावर, पुढे शाळेच्या हजेरीपटावर, ते नाव मधोमध येईल. जिल्हावार, वर्षवार आईचा रकाना चाळला तर १९८० आणि ९० च्या दशकांत जन्मलेल्या नकुशी कुठे आणि किती होत्या ते कळेल. छत्तीसगढच्या नोंदींतही तो रकाना आहेच, त्यात बिसाहिन सापडतील. दोन्ही याद्या शून्य ते सहाच्या जिल्हावार आकड्यांशेजारी ठेवून बघायच्या. साताऱ्याच्या जिल्हा यंत्रणेने हे काम घरोघर फिरून केलं होतं. आता ते एका कार्यालयात बसून होईल.