खडीचा रस्ता हाच माल!

"आमच्या गावात विकण्यासारखं आहे काय?" असं बरेच जण विचारतात. तर इटलीतलं कियांती बघा. डोंगरउतारावर द्राक्षमळे, वाइन आणि पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते. गाड्यांची वर्दळ जवळपास नाहीच. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची 'एरोइका' फेरी सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त ९२ जण होते. आता जगभरातून हजारो येतात. त्यांना खोली लागते, जेवण लागतं, भाड्याची सायकल लागते, पंक्चर काढणारा लागतो. डांबर पडलं असतं, तर गाड्या आल्या असत्या, सायकलवाले नाही. आता वही काढा. तुमच्या गावातल्या कोणत्या गोष्टीला लोक 'मागास' म्हणतात, ती आधी लिहा. मग पुढचं विचारा: तीच कोणाला हवी आहे?