काचेच्या तारेची निगा

श्रोतेहो, सातबाऱ्याचा उतारा काढायला आपण जातो, तेव्हा तो आता दप्तराच्या गाठोड्यातून निघत नाही. तो दूर शहरातल्या साठवणयंत्रातून येतो, आणि त्याची बरीचशी वाट काचेच्या तारेतून असते. हिलाच ऑप्टिकल फायबर म्हणतात. ग्रामपंचायतींपर्यंत ही तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तेव्हा तिच्याशी वागावे कसे, हे आपणही जाणून घ्यायला हवे.

ही तार म्हणजे काचेचा धागा. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. लांब पल्ल्याच्या तारेतला प्रकाशाचा गाभा तर अवघा ९ मायक्रॉन! प्रकाश कडेवर आपटतो आणि पुन्हा आतच वळतो. गुरुजनांनी वर्गात हे जरूर दाखवावे. पारदर्शक बाटलीला बाजूने भोक पाडून पाणी भरावे, खोलीत अंधार करावा आणि भोकासमोरच्या बाजूने बॅटरीचा झोत टाकावा. पाण्याच्या वाकड्या धारेबरोबर उजेडही वाकतो. काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश मैलोगणती जातील, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बसवण्याचे पाहू. तांब्याची तार मुडपली तरी चालते. काच मात्र रुसते. साधारण नियम असा, की केबल ओढताना वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या वीसपट आणि बसवल्यावर दहापट तरी असावी. केबल १० मिलिमीटर जाड असेल, तर ओढताना त्रिज्या २० सेंटिमीटर हवी. कारखान्याने निराळा आकडा दिला असेल, तर तो पाळावा. ओढ द्यायची ती आतल्या बळकट धाग्यांना; टोकाच्या जोडणीला धरून कधीही ओढू नये. बांधताना आवळून करकोचा पाडू नये.

टोकावर टोपण हवेच. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण म्हणजे वाटेत दरड कोसळल्यासारखे. तोंडाने फुंकू नये, धोतराच्या सोग्याने पुसू नये. त्यासाठी धागे न सुटणारे खास पुसणे मिळते, तेच वापरावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळे. यातला प्रकाश बहुधा आपल्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून टोकात डोकावू नये, भिंगाने तर मुळीच नाही. प्रकाश आहे की नाही, हे मोजयंत्राने पाहावे.

धागा कापला की बारीक कपचे उडतात. ते दिसत नाहीत, पण कातडीत शिरतात. काम करणाऱ्याने चष्मा लावावा, कपचे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या बाटलीत टाकावेत. तिथे खाऊ नये, विडी ओढू नये, डोळे चोळू नयेत. काम संपताच हात धुवावेत.

रस्त्याकडेला तुटलेली केबल पडलेली दिसली, की मुले ती खेळायला उचलतात. गुरुजी, एवढे मात्र उद्याच वर्गात सांगा: ती दोरी नव्हे, काच आहे. हात लावू नका, मोठ्या माणसांना सांगा.