घराची शाळा न करता

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या पेढीच्या घरात शाळा सुरू झाली की रोज सकाळी एकच प्रसंग घडे. साडेसहाच्या सुमारास नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात दुखू लागे आणि साडेसातला शाळेची गाडी कोपऱ्यावरून निघून गेली की ते आपोआप थांबे. डॉक्टरांनी तपासले, दोष काहीच आढळला नाही. आजीने ओव्याचे पाणी दिले, त्यानेही गुण आला नाही. अखेर आईच्या ध्यानात आले की हे दुखणे पोटाचे नाही. पाढा चुकला की वर्गात उभे राहावे लागे आणि मुले हसत. दुसरीत असताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चालणारी मुलगी चौथीत आल्यावर पुस्तक उघडले की मान खाली घालू लागली होती.

आईने मुलीला घरीच शिकविण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा घरात चार दिवस कुणी मोकळेपणाने बोलले नाही. सर्वांत तीव्र विरोध आजोबांचा होता आणि त्याला कारणही तसेच होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून झाले होते. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी ही संस्था स्थापन केली आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती, अशा मुलांना शाळेत आणून बसविले. "त्या माणसाने उभा जन्म मुलांना शाळेत घालण्यासाठी वेचला आणि आपण घरातले मूल शाळेतून काढायचे?" आजोबांच्या या प्रश्नावर आईजवळ उत्तर नव्हते.

शेवटी व्यापारी घराला शोभेल असा करार झाला. मुदत एक वर्षाची. वर्षाअखेरीस मुलीचे वाचन, लेखन आणि गणित आजोबांनी स्वतः पाहायचे. समाधान झाले नाही, तर पुढच्या जूनमध्ये मुलीने पुन्हा शाळेत जायचे. आईने मान्य केले आणि मुलीनेही मान डोलावली.

पहिले तीन महिने

पहिले तीन महिने पूर्ण वाया गेले, असे ती आई आज मोकळेपणाने सांगते. दिवाणखान्याच्या भिंतीवर फळा टांगला गेला. नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते सव्वादहा गणित असे वेळापत्रक चिकटविले गेले. रंगीत तक्ते आले, चित्रांच्या पत्त्यांचे जोड आले. शिकणे आनंददायी करण्यासाठी जे जे बाजारात मिळते ते सारे घरात आले, आनंद मात्र आला नाही. पूर्वी शाळेत भीती वाटे, आता ती घरातही वाटू लागली, कारण उभे करणाऱ्या बाईंच्या जागी आता आईच होती. एका दुपारी भागाकारावरून मुलगी रडली, तिच्यामागोमाग आईही रडली आणि स्वयंपाकघरातून आजी शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, तू घराची शाळा केलीस. मग पोरीला घर कुठे राहिले?"

दुसऱ्या दिवशी फळा उतरला. घरशिक्षण सुरू करणाऱ्या बहुतेक कुटुंबांची पहिली चूक हीच असते. शाळेतील तास, घंटा आणि परीक्षा घरात आणल्याने शाळेतील ताण तेवढा घरात येतो आणि शाळेतले सवंगडी बाहेरच राहतात. घराजवळ शाळेला न मिळणारी एक गोष्ट असते: दिवसभर चालणारी खरी कामे. कुणी दळण निवडते, कुणी वजन करते, कुणी उधारी लिहिते, कुणी पाहुण्यांच्या पंगतीचा अंदाज बांधते. या प्रत्येक कामात गणित, भाषा आणि विज्ञान असतेच. मुलाला त्या कामात खरा वाटा मिळाला की ते दिसू लागते.

ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य मानले आणि मुले जिथे होती तिथे, त्यांच्या अंगणापर्यंत शाळा नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा चालविली. मुलाच्या जगातून शिक्षणाला वाट काढता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

आजींचा सूर्यास्त

फळा उतरल्यानंतरचा पहिला धडा अनपेक्षितपणे आजींकडून मिळाला. या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे सूर्यास्ताची वेळ ही आजींच्या दृष्टीने दिवसातील महत्त्वाची गोष्ट. दिनदर्शिकेतील वेळ रोज पाहून स्वयंपाकघराच्या दारामागे लिहिण्याचे काम त्यांनी नातीकडे सोपविले. काम खरे होते. वेळ लिहिली नाही, तर कुकर कधी लावायचा हे ठरत नसे.

ऑक्टोबरभर आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्यास्त लवकर लवकर होत गेला. डिसेंबर लागल्यावर मुलीला चूक झाल्यासारखे वाटले. पुस्तकात २१ किंवा २२ डिसेंबरचा दिवस सर्वांत लहान असतो असे लिहिलेले, पण दारामागच्या यादीत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासूनच सूर्यास्त पुढे सरकू लागला होता. आजींना नवल वाटले नाही. "मार्गशीर्षात संध्याकाळ मला नेहमीच थोडी सैल मिळते," त्या म्हणाल्या. कारण मात्र त्यांनाही ठाऊक नव्हते आणि आईलाही नव्हते.

दोघींनी मिळून ते शोधले. यादीत सूर्योदयाचाही रकाना वाढविल्यावर दिसले की डिसेंबरात सूर्योदयही रोज उशिरा होत आहे आणि तो क्रम जानेवारीतही चालू राहतो. त्या दिवसांत सूर्य माथ्यावर येण्याची वेळच घड्याळाच्या मानाने रोज जवळजवळ अर्धा मिनिट मागे पडते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीस ती सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने त्या सुमारास वेगाने फिरते, ही त्यामागची दोन कारणे. म्हणून दिवस लहान होत असतानाच संध्याकाळ लांबू लागते. चेंडू आणि दिवा घेऊन हे समजून घेण्यात चार संध्याकाळी गेल्या. त्या चार दिवसांत भूगोलाचे पुस्तक मुलीने आपणहून तीनदा उघडले.

त्रेसष्ट ढिगांचे कोडे

भागाकाराची भीती मात्र अजून होतीच. ती घालविणारे पुस्तक आजोबांच्याच कपाटात होते. सुमारे ८५० साली, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. एम. रंगाचार्य यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली मद्रासला प्रसिद्ध झाले आणि हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती १९६३ साली आपल्या सोलापुरातून, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाली. व्यापार, पाकशास्त्र, संगीत, नाट्य, वैद्यक, वास्तुविद्या अशा प्रत्येक व्यवहारात गणिताचा उपयोग आहे, असे आचार्य आरंभीच सांगतात आणि त्यांची उदाहरणेही फळे, फुले, मोती आणि वाटसरू यांनी भरलेली आहेत.

त्यातील एक कोडे असे: वनाच्या कडेला केळ्यांचे ६३ सारखे ढीग आणि वर ७ सुटी केळी आहेत. ती २३ वाटसरूंनी सारखी वाटून घेतली आणि काहीच उरले नाही. तर एका ढिगात केळी किती आणि प्रत्येकाला मिळाली किती?

मुलीने मूग घेऊन ढीग मांडले. ढिगात एकच केळे धरले, तर एकूण ७०. वाटून १ उरते. दोन धरली तर १३३, उरतात १८. तीन धरली तर १९६, उरतात १२. चार धरली तर २५९, उरतात ६. पाच धरल्याबरोबर एकूण ३२२ झाली आणि २३ जणांना बरोबर १४-१४ मिळून बाकी शून्य आली! त्या एका दुपारी तिने पाच भागाकार केले आणि ते भागाकार आहेत हे तिच्या लक्षातही आले नाही. शिवाय १८, १२, ६ आणि शून्य अशी बाकी सहा-सहाने का उतरते, हा पुढचा प्रश्न तिनेच काढला. तो सोडवायला आईला रात्री जागावे लागले.

रोकड जुळेना

एप्रिलमध्ये हळदीचा हंगाम भरात होता. सौदे, तोल, हमाली, शेतकऱ्यांच्या पट्ट्या यांत पेढीवर मान वर करायला सवड नव्हती. एका संध्याकाळी रोकड जुळेना. वहीतील शिलकेपेक्षा पेटीत २७० रुपये जास्त निघाले. बाहेरच्या माणसाला वाटेल, जास्तच निघाले ना, मग काळजी कसली? परंतु आजोबांचा नियम होता: रक्कम कमी आली तर आपली गेली, जास्त आली तर दुसऱ्या कुणाची तरी आली. ती कुणाची हे कळेपर्यंत ते पेटीला कुलूप लावत नसत.

नात शेजारीच बसली होती. आजोबांनी पुटपुटत २७० ला ९ ने भागले. भाग गेला. "आकडा उलटला असणार," ते म्हणाले. रोजकीर्दीतील नोंदी वरून खाली पाहताना ती सापडली. हमालीचे १,३६० रुपये दिले होते आणि वहीत १,६३० लिहिले गेले होते. दोन अंकांची जागा बदलली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, ही जुन्या मुनीमांची खूण आजोबांना त्यांच्या वडिलांनी शिकविली होती.

"पण आजोबा, नऊच का?"

पन्नास वर्षे ही खूण वापरणाऱ्या आजोबांनी हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता. ते थोडा वेळ गप्प राहिले. "मला ठाऊक नाही, बाळ," त्यांनी सांगितले आणि मग पेटी पुन्हा उघडली. दोघांनी गादीवर १०० च्या आणि १० च्या नोटा मांडल्या. ३६० म्हणजे शंभराच्या तीन आणि दहाच्या सहा. ६३० म्हणजे शंभराच्या सहा आणि दहाच्या तीन. नोटा दोन्हीकडे नऊच. फक्त दहाच्या तीन नोटा उचलून त्यांच्या जागी शंभराच्या तीन ठेवल्या. एक नोट बदलली की ९० वाढतात, तीन बदलल्या की २७०. मग एक रुपयाची नाणी आणि दहाच्या नोटा घेऊन पाहिले. तिथे प्रत्येक बदलाला ९ वाढले. अंक एक घर डावीकडे सरकला की दसपट होतो, म्हणजे मूळच्यावर नऊपट वाढतो. नऊ तेथून येत होता.

त्या रात्री पेढी उशिरा बंद झाली. घरी परतताना आजोबा सुनेला एवढेच म्हणाले, "आम्ही कमवा आणि शिका केले. कमावणे नीट केले, शिकायचे थोडे राहून गेले होते."

ज्यांना हा मार्ग विचारात घ्यायचा आहे

या एका घराच्या अनुभवावरून प्रत्येकाने मुलाला शाळेतून काढावे, असे मुळीच नाही. घरशिक्षणाला एका मोठ्या माणसाचा जवळजवळ पूर्ण दिवस लागतो आणि बहुतेक घरांत तो भार आईवरच पडतो. या आईने वर्षभर पेढीचे टपाल सांभाळणे सोडले. जावेने दुपारचा स्वयंपाक उचलला, म्हणूनच हे निभावले. सवंगड्यांची उणीव मुलीला सर्वांत जास्त जाणवली. संध्याकाळचे मैदान, शनिवारचे वाचनालय आणि सुट्टीत मावसभावंडे, एवढ्यावर ती काही अंशी भरून निघाली.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो, परंतु घरशिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. पुढील परीक्षांसाठी वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, तर राज्य मंडळाच्या दहावीस १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. अटी आणि मुदती बदलत असल्याने त्या वेळेवर विचारून घेणे हिताचे.

मूल शाळेत जात असले, तरी या घरातील तीन गोष्टी कोणत्याही घराला करता येण्याजोग्या आहेत. मुलाला रोजचे एक असे काम द्यावे की ते चुकले तर घराचे खरोखर अडेल. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर येत नाही असे स्पष्ट सांगावे आणि त्याच्याबरोबर शोधायला बसावे. आणि चुकीला शिक्षा करण्याऐवजी रोकडीतील फरकाप्रमाणे तिचा माग काढावा. चूक कुठे झाली हे सापडण्यातही मोठा आनंद असतो.

वर्ष संपले तेव्हा ठरल्याप्रमाणे आजोबांनी नातीची परीक्षा घेतली. वाचनावर ते संतुष्ट झाले, इंग्रजी लेखन कच्चे असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते खरेही होते. कराराची मुदत आणखी एक वर्षाने वाढली. या खेपेस त्यात एक कलम आजोबांनी स्वतःसाठी घातले: रोज संध्याकाळी रोकड जुळल्यावर अर्धा तास नातीने त्यांना शिकवायचे.